घासागणिक येणारा खोकला

खोकला मला लहानपणापासूनच होता. त्यामुळे तो आजार आहे असं आमच्या घरात कुणाला वाटतच नव्हतं. कुणाचे केस कुरळे असतात, कुणाला चष्मा असतो, तशी मी खोकणारी. देवळ्याजवळच्या आमच्या गावातल्या शाळेत प्रार्थनेला मी शेवटच्या रांगेत उभी राहायचे, कारण मधेच उबळ आली की पुढच्या पोरी हसायच्या. आवाजही साधा नव्हता, पत्र्याच्या रिकाम्या डब्यावर काठी मारावी तसा.

दुसरी गोष्ट म्हणजे मी फार सावकाश जेवायचे. भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करल्याशिवाय माझ्या घशाखाली उतरायची नाही. लग्न झाल्यावर नाशकात आले, तर सासरी सगळे मिळून जेवायला बसायचे. सगळ्यांचे हात धुऊन व्हायचे आणि माझी पहिली पोळी अजून ताटात असायची. मग मी युक्ती काढली, वाढायचं काम आपल्याकडे घ्यायचं आणि सगळ्यांच्या नंतर एकटीने जेवायचं. ‘मनीषा किती करते सगळ्यांचं,’ असं पाहुणे म्हणायचे. मला ते ऐकायला बरंही वाटायचं.

या दोन गोष्टींचा, खोकल्याचा आणि जेवणाचा, एकमेकींशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात चाळिशी जवळ येईपर्यंत आलं नाही. म्हणून हे लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. नाशकातल्याच अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करते, तयार झालेले भाग तपासते. पण वर्षानुवर्षं खोकणारं माणूस बऱ्याच घरांत असतं, आणि त्यातल्या एखाद्याच्या उपयोगी पडेल एवढं माझ्यापाशी आता आहे.

दमा

मला दमा आहे असं कॉलेजात असताना कुणीतरी सांगितलं आणि ते चिकटलं. पंप सुरू झाले. आधी निळा, मग दुसरा, मग दोन्ही. थुंकी तपासून झाली, रक्त तपासून झालं, सगळं चांगलं. दर वेळी डॉक्टर विचारायचे, ‘पंपाने बरं वाटतं ना?’ आणि मी म्हणायचे, ‘थोडं वाटतं.’ खरं तर काहीच वाटायचं नाही. पण इतकं औषध घेऊन काहीच वाटत नाही म्हणायला संकोच व्हायचा. कुणा एका डॉक्टरला मी दोष देत नाही. प्रत्येकाच्या समोर मी नुसती खोकला असलेली बाई म्हणून बसले होते, आणि खोकल्याची बाकीची कारणं इतकी आहेत की माझं कारण त्या यादीत तळाला कुठेतरी.

करोनाच्या काळात मात्र फार त्रास झाला. बसमध्ये, बँकेत, किराणा दुकानात मी खोकले की माणसं सरकायची. ते दिवस सरले तरी सवय राहिली. गावी चुलतभावाच्या लग्नात जेवायला बसले, दुसऱ्याच घासाला उबळ आली. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी आपलं ताट उचललं आणि त्या समोरच्या रांगेत जाऊन बसल्या. त्यांचं काही चुकलं नाही. पण मी त्या दिवशी उपाशी उठले.

कँटीनमधला घास

गेल्या वर्षी खोकला वाढला. जिना चढताना श्वासाला शिटीसारखा आवाज येऊ लागला. मऊ पोळीसुद्धा अडकायला लागली. एक दिवस कारखान्याच्या कँटीनमध्ये बटाट्याच्या भाजीचा घास घेतला आणि तो तिथेच थांबला. खाली जाईना, वर येईना, श्वासही नीट मिळेना. समोर शबाना बसली होती. आम्ही दोघी एकाच टेबलावर काम करतो, गेली कित्येक वर्षं. मी पाण्याच्या ग्लासकडे हात नेला तर तिने तो बाजूला सारला.

“पाणी नको! आधी खोक, जोरात खोक!” असं ओरडत तिने मला पुढे वाकवलं आणि पाठीत जोरजोरात चापट्या मारल्या. घास बाहेर आला. सगळं कँटीन बघत होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शबानाचं तोंड मात्र चालूच होतं.

“मनीषा, उद्या तू डॉक्टरकडे गेली नाहीस ना, तर मीच तुला उचलून नेईन. कसम से सांगते.”

“डबा उघडा”

सिडकोतले आमचे जुने डॉक्टर निवृत्त झाले होते आणि त्यांचा दवाखाना एका तरुण डॉक्टरबाईंनी घेतला होता. दुसऱ्या दिवशी पहिली पाळी संपल्यावर मी थेट तिथेच गेले. खांद्याला पर्स, हातात डबा. मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, दमा आहे, हे हे पंप आहेत. त्या ऐकत होत्या, पण त्यांचं लक्ष डब्याकडे गेलं. टेबलावर ठेवताना तो जड वाजला असावा.

“आज जेवला नाहीत?”

“अर्ध्या तासाच्या सुट्टीत माझं होत नाही. वेळ लागतो.”

“का लागतो?”

“खोकला येतो ना.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “जेवताना येतो?”

“जेवताना येतो. आणि पळताना, जिना चढताना.”

“हे आधी कुणाला सांगितलं होतंत?”

“कुणी विचारलं नाही,” मी म्हणाले. “आणि मला वाटायचं, जेवताना सगळ्यांनाच थोडा येतो.”

त्यांनी डबा माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, “डबा उघडा. माझ्यासमोर जेवा.”

मला वाटलं चेष्टा करताहेत. बाहेर पेशंट बसलेले. पण त्या खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या, स्टेथोस्कोप कानात घालून त्याचं दुसरं टोक माझ्या गळ्याच्या खळगीत टेकवलं. मी पोळीचा तुकडा मोडला, भाजी घेतली आणि एका परक्या बाईसमोर लाजत लाजत चावू लागले. पहिला घास गेला. दुसऱ्याला उबळ आली. तिसऱ्याला परत. त्या मधेमधे ‘हं, अजून एक’ म्हणत होत्या. शेवटी त्यांनी स्टेथोस्कोप काढला.

“मनीषाताई, दम्याचा आवाज छातीत सगळीकडे पसरलेला ऐकू येतो. तुमचा इथे, गळ्याखाली, एकाच जागी येतोय. आणि घास उतरताना वाढतोय. मला हा दमा वाटत नाही. काय आहे ते मला आत्ता सांगता येणार नाही. पण काहीतरी तुमची श्वासनळी बाहेरून दाबतंय का, ते बघायला हवं.”

‘दाबतंय’ एवढाच शब्द मी ऐकला. दाबणारी गोष्ट म्हणजे गाठ, आणि गाठ म्हणजे कॅन्सर, एवढाच हिशोब मला येत होता. रिक्षात बसून घरी येईपर्यंत मी माझ्या मुलीचं, गार्गीचं, लग्नसुद्धा माझ्याविना लावून टाकलं होतं. ती तेव्हा नववीत होती.

निदानाचा दिवस

पुढचे काही दिवस तपासण्यांत गेले. एका यंत्रात जीव खाऊन फुंकायला लावलं. कागदावर जो डोंगर उमटायला हवा त्याचा माथा कापल्यासारखा सपाट आला. छातीच्या एक्स-रेमध्ये हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीची कमान नेहमीपेक्षा वेगळी दिसत होती. मग हातातून रंग सोडून सीटी स्कॅन. हे आधी सांगून ठेवलेलं बरं असतं म्हणून लिहिते, तो रंग अंगात गेला की घशापासून मांड्यांपर्यंत एकदम ऊब पसरते आणि आपल्याला लघवी झाली की काय असं वाटतं. झालेली नसते. मी मात्र त्या नर्सला दोनदा विचारलं.

रिपोर्ट घेऊन मुंबई नाक्याकडच्या हॉस्पिटलात हृदयाच्या सर्जनकडे गेलो, मी आणि माझे मिस्टर संदीप. आमच्या डॉक्टरबाईंनी आधीच त्यांच्याशी फोनवर बोलणं केलं होतं. सर्जन मधल्या वयाचे, कमी बोलणारे. त्यांनी पडद्यावर चित्र लावलं. माझी स्वतःचीच छाती तिथे फिरत होती.

“गाठ नाही,” ते सगळ्यात आधी म्हणाले. बहुतेक माझा चेहरा बघून.

मग त्यांनी समजावलं. हृदयातून निघणारी मोठी धमनी वर जाऊन एका बाजूने वळते आणि खाली उतरते. माझ्यात ती एक नव्हती, दोन कमानी होत्या. एक पुढून गेलेली, एक मागून, आणि मागे जाऊन दोन्ही परत एक झालेल्या. मधे जे अडकलं होतं ती माझी श्वासनळी आणि अन्ननलिका. जन्मापासून. बहुतेक मुलांत हे पहिल्या एक-दोन वर्षांतच लक्षात येतं. माझं हे दोन कमानींचं कडं जरा सैल होतं म्हणून इतकी वर्षं निभावलं. वय वाढलं तशा रक्तवाहिन्या ताठर झाल्या आणि ते आवळायला लागलं.

“म्हणजे दमा?” संदीपनी विचारलं.

“दमा नाहीच. कधी नव्हता.”

मला हसू आलं. खरंच, त्या खोलीत बसून मी हसायला लागले आणि हसता हसता उबळ आली, आणि खोकत खोकत मी हसत राहिले. संदीपना वाटलं मला धक्का बसला. धक्का नव्हता तो. इतकी वर्षं मी सावकाश जेवते म्हणजे माझ्यातच काही ढिलाई आहे, मी खोकते म्हणजे काळजी घेत नाही, पथ्य पाळत नाही, असं मला वाटत आलं होतं. आणि आत्ता हा माणूस पडद्यावर बोट ठेवून दाखवत होता की हे बघा, इथे, खरोखरच काहीतरी आहे.

हसू ओसरल्यावर त्यांनी ऑपरेशनचं सांगितलं. दोनपैकी जी कमान लहान आहे ती बांधून कापायची, म्हणजे कडं सुटेल. लहान मुलांत ही ऑपरेशनं त्यांनी बरीच केली होती, मोठ्या माणसांत मोजकीच, हेही त्यांनी लपवलं नाही. “जोखीम आहे. काम मोठ्या धमनीवर आहे. पण असंच ठेवलं तर त्रास वाढत जाईल. विचार करा.”

आईचं ‘नको’

आईला फोनवर सांगितलं तर ती कांदे काढायचं काम माझ्या भावजयीवर सोपवून दुसऱ्या दिवशी एसटीने हजर. पिशवीत भुईमुगाच्या शेंगा, आणि तोंडात एकच वाक्य.

“ऑपरेशन नाय करायचं.”

“अगं पण आई...”

“चाळीस वर्षं त्याच्यासंगं जगलीस ना? लगीन झालं, पोरगी झाली, नोकरी करती. मंग आताच कशाला छाती फाडून घ्यायची? कुस्करून खा. मी देते कुस्करून.”

दोन-तीन दिवस घरात हेच चाललं. आई बोलायची, मी चिडायचे आणि संदीप गप्प. शेवटी मी त्यांच्यावरच घसरले. “अहो, तुम्ही तरी काहीतरी बोला!”

ते भांडी पुसत होते. हातातलं ताट तसंच धरून म्हणाले, “मी कर म्हटलं आणि काही झालं तर? नको म्हटलं आणि एक दिवस घास अडकला आणि शेजारी शबाना नसली तर? काय बोलू मी, तूच सांग.” त्यांचे डोळे भरून आले. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी त्यांना असं पहिल्यांदा पाहिलं. माझा राग तिथेच विरघळला. ऑपरेशन करायचं हे मी त्याच वेळी ठरवलं, म्हणजे तो भार त्यांच्यावर राहणार नाही.

पुढच्या भेटीला आई हट्टाने बरोबर आली. मला वाटलं, सर्जनशीच भांडते की काय. पण केबिनमध्ये ती पदर तोंडाशी धरून बसली, आणि आम्ही उठायच्या बेताला असताना एकदम म्हणाली, “डाक्टरसायेब, एक इचारू?”

“विचारा ना, मावशी.”

“ही पोटात असताना सातव्या म्हयन्यात गिराण लागलं होतं. सासू म्हणाली, कायी चिरायचं नाय. पण घरी गडी जेवायला यायचे होते. मी इळीवर वांगी चिरली.” माझ्याकडे न बघता ती पुढे म्हणाली, “त्याच्यानं झालं का हे? ही दूध पिताना घुरघुरायची तवापास्नं माझ्या मनात हाय. कुणाला बोलले नाय.”

 माझा खोकला तिने चाळीस वर्षं असा ऐकला होता. म्हणून तिला चौकशी नको होती, ऑपरेशन नको होतं, कारण कुणीतरी छाती उघडून आत बघेल आणि तिचं ग्रहण सापडेल.

सर्जननी घड्याळाकडे पाहिलं नाही, हसलेही नाहीत. खुर्ची पुढे घेऊन ते म्हणाले, “मावशी, या रक्तवाहिन्या कधी तयार होतात माहीत आहे? बाळ नखाएवढं असतं तेव्हा. तुम्हाला दिवस गेलेत हे नीट कळलंही नसेल, तेव्हाच हे असं झालं होतं. सातव्या महिन्यात तुम्ही काय चिरलंत, काय नाही, त्याने काही फरक पडत नाही. तुमच्याकडून काहीही चुकलेलं नाही.”

आईने दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग डोळे पुसले आणि संदीपकडे वळून म्हणाली, “मंग करून टाका. कशाला लांबवता?”

हॉस्पिटल

ऑपरेशनच्या सकाळी मी घाबरले होते, हे सरळ लिहिते. स्ट्रेचरवरून नेताना छतावरचे दिवे मागे सरकत होते आणि मला गार्गीचा गणिताचा क्लास, दूधवाल्याची राहिलेली कूपनं, असलंच काहीतरी आठवत होतं. देव आठवला नाही. भूल देणाऱ्या डॉक्टर माझ्या कपाळावर हात ठेवून होत्या. तो हात मला अजून आठवतो.

जाग आली तेव्हा डाव्या कुशीत कुणीतरी इस्त्री टेकवलीय असं वाटलं. खांद्याच्या फऱ्याखालून बगलेपर्यंत टाके होते, बरगड्यांमधून एक नळी बाहेर आली होती. आयसीयूत दिवस आहे की रात्र ते कळत नाही. ज्याला पुढे असं काही करायचं असेल त्याने नर्सना वेळ विचारायला लाजू नये, त्या सांगतात.

सगळ्यात गंमत फिजिओथेरपीची. तीन चेंडूंचं एक खेळणं देतात, श्वास आत ओढून ते चेंडू वर उचलायचे. आणि मग तो तरुण फिजिओ उशी माझ्या कुशीवर दाबून धरायला सांगायचा आणि म्हणायचा, “खोका, मॅडम. अजून जोरात. छान!” आयुष्यभर मला लोक खोकू नकोस म्हणत आले. खोकल्याबद्दल शाबासकी पहिल्यांदाच मिळत होती. दुखत होतं भयंकर, पण मी मन लावून खोकले.

वॉर्डात आणल्यावर शबाना आली. तिने घरून शिरकुर्मा आणला होता आणि नर्सने तो दारातच अडवला. मग तिने तो बाहेर बाकावर बसून माझ्या आईला खाऊ घातला. दोघींची गट्टी जमली, ती अजून आहे.

चार-पाच दिवसांनी पहिल्यांदा मऊ खिचडी दिली. संदीप, आई, दोघं समोर. मी चमचा तोंडात घातला आणि सवयीने थांबले, उबळीची वाट बघत. घास गेला. म्हणजे नुसता गेला. मधे कुठे रेंगाळला नाही, ढकलावा लागला नाही. मला इतकंच कळलं की गिळणं ही इतकी सोपी गोष्ट असते.

घरी आल्यावर

इथे खोटं लिहीत नाही. घरी आले त्या दिवशी खोकला गेला नव्हता. सर्जननी आधीच बजावलं होतं की श्वासनळी इतकी वर्षं दबून मऊ पडली आहे, तिला भक्कम व्हायला महिने लागतील. आवाजही काही आठवडे बसलेला होता. गार्गीला हाक मारली तरी ऐकू जायची नाही. एक संध्याकाळ अशी आली की मी खोकत होते, कूस ठणकत होती आणि मला वाटलं, उगीच केलं हे सगळं. संदीपवर ओरडायला गेले. ओरडायला आवाज नव्हता, म्हणून उशी फेकली. त्यांनी ती उचलून परत माझ्या पाठीशी लावली आणि डॉक्टरबाईंना फोन लावून माझ्या हातात दिला. त्या म्हणाल्या, “जेवताना येतो का आता?” मी विचार केला. नव्हता येत. कधीपासून येत नव्हता हेही मला आठवेना.

हळूहळू बाकीचाही ओसरला. पंप बंद झाले. कामावर परत गेले.

मला एवढंच सांगायचं आहे की खोकला घेऊन डॉक्टरकडे जाल तेव्हा नुसतं ‘खोकला आहे’ म्हणू नका. कधी येतो ते सांगा. जेवताना, झोपल्यावर, चालताना, कशाने वाढतो, लहानपणापासून आहे का. औषधाने बरं वाटत नसेल तर वाटत नाही असं सांगा, डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून थोडं वाटतं म्हणू नका. बहुतेकांचा खोकला साधाच निघेल. माझ्यासारखं फार थोड्यांचं असतं. पण विचारल्याशिवाय ते कळत नाही. आणि बाळ दूध पिताना घुरघुरत असेल तर आईने ते मनात ठेवू नये.

या थंडीत

यंदा नाशकात थंडी चांगलीच पडली आणि मला सर्दी झाली. सकाळी ओट्यापाशी चहा करताना शिंक आली, आणि मागोमाग खोकला. पोटातून, जोरदार. संदीप आंघोळीला निघाले होते ते टॉवेल खांद्यावर घेऊन तसेच उभे राहिले. गार्गी वहीतून मान वर काढून बघायला लागली. नेमका आईचा फोन चालू होता, स्पीकरवर. तीही बोलता बोलता गप्प झाली.

“मने?” तिचा आवाज बारीक झाला होता. “काय झालं गं?”

मीही गॅस बारीक करून उभी राहिले. गळ्याला हात लावून बघितला, श्वास घेऊन बघितला. शिटी नव्हती. नाक मात्र गळत होतं.

“काही नाही गं आई, सर्दी झालीय,” मी म्हणाले. “परवा शबानाला झाली होती, तिचीच लागली.”

“मंग आल्याचा काढा घे,” आई म्हणाली, आणि तिने परत कांद्याच्या रोपांचं सुरू केलं.

काढा घेतला. आठवड्याभरात खोकला गेला.